एफडी मोडून जुनी कार्बन-ॲल्युमिनियम सायकल घ्यावी का?

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा: हातात पगार ७२ हजार, गृहकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ५५ हजार, एसआयपी ८ हजार, आणि अडीअडचणीसाठी दीड लाखाची एफडी. ओळखीतल्या एकाकडे कॅननडेलची 'सिक्स१३' ही रोड सायकल विकायला आहे. मागणी ९५ हजार. एफडी मोडू की पर्सनल लोन काढू? पत्नी म्हणते, ६० हजारांत नवी ॲल्युमिनियमची घ्या.

सायकल देखणी आहे, यात वाद नाही. २००४ च्या सुमारास आलेलं हे मॉडेल. कार्बनचा अणुक्रमांक ६ आणि ॲल्युमिनियमचा १३, त्यावरून नाव. पुढच्या मुख्य नळ्या कार्बनच्या, सांधे आणि मागचा भाग ॲल्युमिनियमचा, आणि दोन्ही एकमेकांना चिकटवलेले. तुमच्या ९५ हजारांचा प्रश्न या चिकटवलेल्या जागेपाशी येऊन थांबतो.

कार्बन फायबरमधून वीज वाहते. ॲल्युमिनियम त्याला थेट टेकलं आणि मध्ये खारट ओलावा शिरला, की ॲल्युमिनियम गंजायला लागतं. म्हणून चांगले उत्पादक दोहोंच्या मध्ये काचतंतूचा किंवा गोंदाचा थर ठेवतात. पण २० वर्षांत त्या थराचं काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. गंजाची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते आणि सांधा आतून उचलते. त्यात उन्हात ॲल्युमिनियम प्रसरण पावतं, कार्बन जवळजवळ नाही, म्हणजे गोंदावर कायमचा ताण. वर आपल्याकडचा पावसाळा, खाडीची हवा आणि हँडलवरून नळीवर टपकणारा घाम! सगळ्याच फ्रेम अशा बिघडतात असं नाही. कित्येक अजून ठणठणीत चालतात. पण तुमच्या हाती येणारी कोणत्या गटातली, हे पैसे देऊन झाल्यावरच कळणार. फ्रेमची आजीवन वॉरंटी बहुतेक कंपन्या पहिल्या मालकालाच देतात. तुम्ही दुसरे, कदाचित तिसरे.

त्यामुळे माझा हिशेब थोडा निर्दयी आहे: फ्रेमची किंमत शून्य धरा. चाकं, गिअर, ब्रेक, हँडल यांना जुन्या बाजारात काय येईल ते ओळखीच्या मेकॅनिककडून काढून घ्या. समजा ४० हजार आले, तर तुमची वरची मर्यादा ४०, फार तर ४५ हजार. उद्या सांधा सुटला तर सुटे भाग विकून बरेचसे पैसे परत येतील. ९५ दिलेत तर वरचे ५० हजार त्या गोंदाच्या भरवशावर. 'दुर्मीळ मॉडेल आहे, भाव वाढेल' असं तुम्ही लिहिलंय. ते मनातून काढून टाका. ही हौस आहे, गुंतवणूक नाही. हौसेला माझा विरोध नाही, फक्त तिला हौसेच्याच खात्यात लिहा.

आता पैसे कुठून? दीड लाखाची एफडी म्हणजे तुमचा तीन महिन्यांचाही खर्च नाही. त्यातून ९५ हजार काढले तर उरतो जेमतेम एक महिना, आणि गृहकर्जाचा हप्ता डोक्यावर असताना हे मला अजिबात पटत नाही. पर्सनल लोन १४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता सुमारे ४,५६० रुपये, व्याज साडेचौदा हजारांच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. जुन्या सायकलवर व्याज भरणं म्हणजे बर्फ तारण ठेवून कर्ज काढण्यासारखं.

एसआयपी न थांबवता तुमच्याकडे महिन्याला ९ हजार उरतात. पाच महिन्यांत ४५ हजार, सात महिन्यांत पत्नीने सुचवलेली नवी सायकल, तीही वॉरंटीसह. पैशांच्या बाजूने पाहिलं तर त्यांचंच बरोबर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे ६० हजारांचा अंदाज पुन्हा तपासून घ्या.

तरीही मन त्याच सायकलीत असेल, तर बघायला दिवसाउजेडी जा. सांध्यांपाशी रंगाला फोड आलेत का, पांढरी भुकटी दिसते का, उभं राहून जोर लावला की कुरकुर येते का, ते पाहा. नाण्याने नळीवर हलकेच टकटक करत सांध्यापर्यंत या. आवाज मध्येच बद्द झाला तर मागे फिरा. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, पूर्ण बाहेर काढायला लावा. वर्षानुवर्षं न हलवलेला कार्बनचा सीटपोस्ट ॲल्युमिनियमच्या नळीत अडकून बसतो. विक्रेता तो काढून दाखवायला तयार नसेल, तर भावाची बोलणी सुरूच करू नका.