स्पेनच्या शहरांत चांगली रेस्टॉरंट आणि तापास (पेयासोबत खायचे छोटे पदार्थ) बार कसे शोधावेत?
मुख्य चौक सोडून दोन-तीन गल्ल्या आत जा आणि स्पॅनिश लोकांच्या वेळेला जेवा: दुपारी २ ते ४, रात्री ९ नंतर. संध्याकाळी ६ वाजता पूर्ण जेवण वाढणारं ठिकाण बहुधा पर्यटकांवरच चालतं. दारात उभं राहून बोलावणारा माणूस किंवा फोटो छापलेला पाच भाषांतला मेनू दिसला की पुढे चला. फळ्यावर खडूने लिहिलेली आजची यादी आणि काउंटरला टेकून गप्पा मारणारे स्थानिक दिसले की आत शिरा. एकाच बारमध्ये पोट भरू नका. एक पेय, एखाद-दोन पदार्थ, मग पुढचा बार, हीच तिथली रीत, आणि खरी मजाही त्यातच आहे. सुरुवातीला माद्रिदची कावा बाहा गल्ली, लोग्रोन्योची काये लाउरेल गल्ली किंवा सान सेबास्तियानचं जुनं शहर (तिथे तापासना पिंचोस म्हणतात) गाठा. ग्रानादात तर बहुतेक बारमध्ये पेयासोबत तापा फुकट येतो. स्वस्तात पोटभर जेवायचं तर कामाच्या दिवशी दुपारी ‘मेनू देल दिया’ मागा; ठरलेल्या दरात दोन पदार्थ, पाव आणि बहुधा पेय व गोड मिळतं.

शाकाहारी असाल तर मात्र जपून. भाजीतही हामोनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे, तुकडे किंवा ट्यूना असू शकतो, म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो’ (मांस नको, हामोन नको, मासे नको) असं तिन्ही सांगा. सेव्हिलात पालक-चणे, म्हणजे ‘एस्पिनाकास कोन गार्बान्सोस’, जरूर मागवा.