शिवाजी महाराजांचं १९९९ चं दोन रुपयांचं नाणं विकण्याआधी चिंचेने घासून चकचकीत करावं का?

अजिबात नको, चिंच किंवा टूथपेस्टने घासलं की किंमत उतरते. टांकसाळीत ठशाच्या दाबाने नाण्यावर अतिसूक्ष्म रेषा उमटतात. नाणं उजेडात फिरवल्यावर चमक गोल फिरते ती त्यांच्यामुळेच. घासल्याने त्या झिजतात, भिंगाखाली ओरखडे दिसतात आणि संग्राहक तर मूळ चमकीलाच पैसे मोजतो. चिकट मळ असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये मिनिटभर बुडवा (खिडकी उघडी, जवळ ज्योत नको), न चोळता सुकू द्या. नाणं ठेवायला पीव्हीसीचं (एक प्रकारच्या प्लास्टिकचं) पाकीट टाळा, त्याने हिरवा चिकट थर चढतो. मात्र हे तांबं-निकेलचं नाणं चलनातलं आहे, झिजलेल्या नगाला लाखांचा भाव मिळत नाही. ठसाच चुकीचा पडला असेल तर तज्ज्ञाला दाखवा.