सिंगापूरमध्ये साध्या फूड कोर्टात अस्सल मलेशियन आणि इंडोनेशियन जेवण कुठे मिळेल?

तुम्ही लिहिलंय की चार दिवसांसाठी येताय, मासे-चिकन चालतं, बीफ नको, आणि इथली माणसं रोज जे खातात तेच खायचंय. मग फार शोधत बसू नका, सरळ गेलांग सेराईच्या मंडईत जा. पाया लेबार स्टेशनपासून चालत दहाएक मिनिटं. खाली भाजी, मासळी, मसाल्याची मंडई आणि वरच्या मजल्यावर खाण्याचे गाळे.

मॉलमधल्या एसी फूड कोर्टाची अपेक्षा ठेवू नका. हे हॉकर सेंटर आहे. डोक्यावर पंखे, जमिनीला पक्की बसवलेली टेबलं, दुपारी उकाडा. सिंगापूरच्या या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० साली अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. बाकीच्या बऱ्याच सेंटरांत चिनी गाळे जास्त असतात, इथे मात्र मुख्यतः मलय आणि भारतीय मुस्लिम गाळे आहेत. सेराई म्हणजे आपला गवती चहा. जिना चढताना वरून त्याचाच वास येतो.

मी मूळची वेंगुर्ल्याची, इथे नऊ वर्षं झाली. पहिली दोन वर्षं मी मॉलमधल्या एका चकचकीत हॉटेलात रेंडांग (नारळाच्या दुधात आटवलेलं मसालेदार मांस) खात होते आणि ती एक गोडसर पातळ आमटी असते असंच समजत होते. मग ऑफिसमधली एक मलय मैत्रीण मला इथे घेऊन आली.

नासी पादांगचा गाळा शोधा. काचेमागे पंधरा-वीस भांडी मांडलेली असतात. आधी ताटलीत भात पडतो, मग तुम्ही बोट दाखवायचं. भाताबरोबरच्या या पदार्थांना लाउक म्हणतात. भात, एक मासा किंवा चिकन आणि दोन भाज्या घेतल्या तर सहा-सात डॉलरच्या आसपास होतात. साडेअकराच्या सुमारास पोचा, म्हणजे सगळी भांडी भरलेली मिळतील. बाईंना ‘काक’ म्हणा, म्हणजे ताई. वयस्कर असतील तर ‘मकचिक’, मावशी. आयाम म्हणजे चिकन, इकान मासा, उदांग कोळंबी. दागिंग म्हणजे मटण म्हणाल तर फसाल, इथे ते बहुधा बीफच असतं, आणि पारु म्हणजे त्याचंच फुफ्फुस. रेंडांग मागताना ‘रेंडांग आयाम’ असं स्पष्ट म्हणा.

आता हे मलेशियन की इंडोनेशियन? पादांग हे पश्चिम सुमात्रातलं शहर, मिनांगकाबाउ लोकांचं. त्यांच्यातलेच लोक पूर्वी समुद्र ओलांडून मलेशियाच्या नेगेरी सेम्बिलान राज्यात वसले. जावाहून आलेल्यांनी तेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, आणला. सिंगापूरच्या मलय समाजात जावाच्या आणि बावेआन बेटाच्या लोकांचे वंशज भरपूर आहेत. त्यामुळे एकाच ताटलीत दोन्ही देश येतात, आणि ते वेगळे काढायचा आग्रह धरला तर जेवणाची गंमतच जाते असं मला वाटतं. तरी फरक चाखायचाच असेल तर रेंडांगमध्ये बघा. मिनांग पद्धतीत नारळाचं दूध तासन् तास आटवतात, त्याला तेल सुटतं आणि मसाला काळपट होऊन मांसाला चिकटून बसतो. मलय घरांत त्यात केरिसिक घालतात. केरिसिक म्हणजे किसलेलं खोबरं खरपूस भाजून तेल सुटेपर्यंत कुटलेलं. आपलं भाजक्या खोबऱ्याचं वाटप आठवलं की नाही?

पण मला या जागेचं वेड लावलं ते साम्बल बलाचानने. छोट्या वाटीत लाल मिरचीचा ठेचा, वर बोराएवढं हिरवं लिंबू पिळलेलं. मैत्रिणीने काकडीचा तुकडा त्यात बुडवून माझ्या हातात दिला, आणि तो तोंडाशी नेईपर्यंतच मला आईची चूल आठवली. पावसाळ्यात ती तव्यावर सुका जवळा भाजायची, तोच वास. बलाचान त्याच जातीच्या बारीक कोळंबीचं असतं. मीठ घालून कुटतात, आंबवतात, वाळवून वड्या करतात आणि वापरताना वडी भाजून घेतात. भरल्या गर्दीत माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मैत्रिणीला वाटलं तिखट लागलं. ती ‘पदास? पदास?’ म्हणत माझ्यासाठी चहा आणायला धावली.

सोबत कुणी शाकाहारी असेल तर एक सांगते. सायुर लोदेह ही नारळाच्या दुधातली भाजी. तिच्यात तांदळाच्या घट्ट वड्या घातल्या की त्याला लोन्तोंग म्हणतात. दिसायला शुद्ध शाकाहारी, पण वाटणात बहुधा सुकी कोळंबी असते. विचारल्याशिवाय घेऊ नका.

रमजानमध्ये येत असाल तर दिवसा बरेच गाळे बंद असतात. मात्र संध्याकाळी याच भागात मोठा बाजार भरतो. जेवून झालं की ट्रे स्वतः उचलून ठेवायचा. २०२१ पासून तो नियमच आहे.

आणि पोटात जागा ठेवा, कारण कुएह, म्हणजे इथला गोड खाऊ, राहिलंय. पानाच्या रंगाचं धिरडं, आत गूळ-खोबऱ्याचं ओलं सारण, ते कुएह दादार. पण आधी ओन्दे-ओन्दे घ्या. जावात त्यालाच क्लेपोन म्हणतात. लिंबाएवढा मऊ हिरवा गोळा, पांडानच्या पानाचा वास आणि बाहेरून ओलं खोबरं. आत गुला मलाका, म्हणजे माडाचा गूळ. गोव्यात मिळतो तसाच काळा आणि किंचित धुरकट. ‘गुला’ हा शब्दही संस्कृतातल्या ‘गुड’वरून गेलेला. उकडताना आतला गूळ वितळून पातळ होतो, म्हणून अख्खा गोळा तोंडात टाका, तोंड मिटा आणि मगच चावा. अर्धा चावलात तर पाक सदऱ्यावर.

हॉटेलवर न्यायचे असतील तर ‘बुंगकुस’ म्हणा, बांधून देतात. पण त्याच दिवशी संपवा. फ्रीजमध्ये ठेवले की कडक होतात.