आयोडीनचा एनएमआर: तेच ते प्रश्न

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की एनएमआरबद्दल (चुंबकात ठेवलेल्या सॅम्पलच्या अणुकेंद्रांचा रेडिओ सिग्नल ऐकायची पद्धत) हेच चार प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

प्र. 400 मेगाहर्ट्झच्या (प्रोटॉनसाठी) एनएमआर मशीनवर आयोडीन-127 कुठे शोधायचं?

उ. 80 मेगाहर्ट्झच्या आसपास. प्रोब (सॅम्पलभोवतीचा सिग्नल पकडणारा भाग) तिथे ट्यून होतो का ते ऑपरेटरला विचारा, स्वतः नॉब पिळू नका.

प्र. मिथाइल आयोडाइडचा कार्बन सिग्नल उणे 20 पीपीएमच्याही खाली येतोय, रेफरन्स चुकला का?

उ. नाही. जड आयोडीन शेजारच्या कार्बनला असाच खाली ओढतो, कार्बन टेट्राआयोडाइडचा तर उणे 290 च्या आसपास जातो.

प्र. आयोडोबेन्झिनचा आयोडीन-127 लावला, रात्रभर 20000 स्कॅन्स, सकाळी सरळ रेघ. सीनियर म्हणतो निसर्गातलं आयोडीन 100 टक्के हाच आयसोटोप आहे, अजून स्कॅन्स घे.

उ. हा सीनियर प्रत्येक लॅबमध्ये असतो. 100 टक्के आहे हे खरं, पण त्याचा स्पिन 5/2 आहे, क्वाड्रुपोल मोमेंट (केंद्रातला विद्युतभार गोलाकार नसण्याचं माप) दांडगा, आणि कार्बनला एका बाजूने चिकटलेल्या आयोडीनभोवती इलेक्ट्रॉन इतके एकांगी असतात की रिलॅक्सेशन (सिग्नल विझणं) चुटकीसरशी होतं, सिग्नलची रेघ मेगाहर्ट्झमध्ये पसरते आणि मशीन ऐकायला लागेपर्यंत सिग्नल मेलेला असतो. मेलेल्या सिग्नलचे लाख स्कॅन्स घेतले तरी बेरीज शून्यच ना! पोटॅशियम आयोडाइडचं पाण्यातलं द्रावण लावून बघा, तिथे आयन सगळीकडून सारखा गोल, तरीही रेघ दीड-दोन हजार हर्ट्झ रुंद. आणि ते द्रावण ताजं करा, पिवळसर पडलं असेल तर त्यात आयोडीन सुटलंय, आयोडाइडशी त्याची देवाणघेवाण सुरू होते आणि रेघ अजून फुगते. एका खाजगी लॅबने आमच्या विद्यार्थ्याकडून असल्याच सेंद्रिय सॅम्पलचे 'आयोडीन एनएमआर' म्हणून पैसे घेतले आणि वर नॉइजचा प्रिंटआउट दिला, चिडचिड होणार नाही तर काय. तुमच्या रेणूला प्रोटॉन आणि कार्बन एनएमआर आणि मास स्पेक्ट्रम पुरे. आयोडीनच बघायचं असेल तर एनक्यूआरवाल्यांशी (न्यूक्लियर क्वाड्रुपोल रेझोनन्स, घन सॅम्पलवर चुंबकाशिवाय करतात ते) बोला, आणि तेही स्लॉट बुक करायच्या आधी, सबमिशनच्या आदल्या रात्री नाही.

प्र. मिठातलं आयोडीन एनएमआरने मोजता येईल का, कुणीतरी येतं म्हणालं.

उ. त्या कुणीतरीला माझ्याकडे पाठवा. आपल्या मिठात ते आयोडेट म्हणून असतं, घरात पोचेपर्यंत 15 पीपीएम असलं तरी पुष्कळ. आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड घालून आयोडीन सुटू द्या, मग थायोसल्फेट, स्टार्च आणि ब्युरेट घ्या, निळा रंग गेला की थांबा, पहिल्यांदा करताय तर कुणाला तरी शेजारी उभं करा.