रेकॉर्डिंग चालू असताना खेळाडूंमध्ये वाद झाला तर थांबवावं की चालू ठेवावं?

थांबवा. लगेच. वाद कुणाचा, किती मोठा, ऐकायला किती रंगतदार, हे काही बघत बसू नका.

तुम्ही लिहिलंय की पाच जणांचा ग्रुप आहे, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, कॅरेक्टर घेऊन फाशांनी खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळता, सेशन रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकता आणि दोघांचं नियमांवरून सारखं वाजतं. एक म्हणतो रेकॉर्डिंग मागे नेऊन ऐकू, दुसरा म्हणतो आधी ते बंद करा, आणि डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा, म्हणून तुम्ही मधे अडकलाय. वाद मिटवायचा कुणी, हेही तुम्ही विचारलंय. मी पण डीएमच आहे. मे 2023 मध्ये मी तुमच्याच जागी बसलो होतो आणि चुकीचा निर्णय दिला, म्हणून एवढं लांब लिहितोय.

आम्ही सोलापूरचे. पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागे आमच्या घराची वरची खोली, तिथं दर रविवारी खेळायचो. शेजारी यंत्रमागाचा कारखाना. त्या खडखडाटाची आम्हाला जन्मापासून सवय, पण माइकला नव्हती, म्हणून खिडक्या बंद. पंख्याची घरघर येते म्हणून पंखाही बंद. मे महिन्यात सोलापुरात बंद खोलीत पंख्याशिवाय चार तास बसणं म्हणजे काय, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. रेकॉर्डिंगमुळे वाद का वाढतात असं कुणी विचारलं तर मी पहिलं कारण हेच सांगेन. आमची डोकी तापलेलीच असायची.

खेळाडूंची नावं देत नाही, कॅरेक्टरच्या नावानं सांगतो. सगुणा आमची क्लेरिक (देवाच्या शक्तीनं मदत करणारी), रायाप्पा फायटर (योद्धा), कासीम चोर. कासीम खेळणारा मित्रच माइक, एडिटिंग आणि चॅनल सांभाळायचा. चौथा त्या दिवशी आलाच नव्हता. टेबलाच्या मधोमध एकच रेकॉर्डर, आणि स्टँडवर मोबाइल लावून व्हिडिओ. सगुणा खेळणारी दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, कारण तिला नऊच्या आत घरी पोचावं लागायचं आणि मधूनच उठता यावं म्हणून. म्हणजे माइकपासून सगळ्यात लांब तीच, आणि आवाजही तिचाच सगळ्यात हळू.

तिसऱ्या लेव्हलची पार्टी, समोर एक ओगर, म्हणजे धिप्पाड राक्षस. सगुणाचे 11 हिट पॉइंट (अंगातला जीव) उरले होते आणि ती ओगरच्या अगदी पुढ्यात उभी. तिचा टर्न आला. ती म्हणाली, "मी मागे सरकते, दारापाशी..." आणि पुढे काहीतरी बोलली. नेमकी त्याच वेळी खालून वहिनीची हाक आली, "पाणी आलं होऽऽ!" आमच्याकडे चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं. ती हाक आली की घरातलं माणूस हातातलं टाकून उठतं. मी मोटार लावायला अर्धा उठलोही होतो.

परत बसलो आणि म्हणालो, तू ओगरच्या टप्प्यातून बाहेर निघालीस, म्हणजे त्याला ऑपॉर्च्युनिटी अटॅक, जाता जाता एक जादाचा वार, मिळतो. ती म्हणाली, "मी डिसएंगेज करते म्हणाले की." डिसएंगेज, म्हणजे सावधपणे बाजूला निघणं, केलं असेल तर तो अटॅक मिळत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. रायाप्पा लगेच उसळला, "का बे, कधी म्हणाली? ती म्हणाली, दिसतंय का दार?"

डिसएंगेज आणि दिसतंय. मराठीत खेळायचं आणि नियमांचे शब्द इंग्रजी ठेवायचे, त्याचा हा परिणाम. माणूस घाईत हळू आवाजात बोलला की ड आणि द मधला फरक तीन फुटांवर सुद्धा कळत नाही.

मी ऐकलंच नव्हतं. मला म्हणता आलं असतं, "मी उठलो होतो, मला कळलं नाही, पुन्हा सांग काय करतेस." बस, एवढंच. पाच सेकंदांत खेळ पुढे गेला असता. पण कासीम म्हणाला, "रेकॉर्डिंग आहे की, ऐकू या." आणि मी म्हणालो, "लाव."

सहा वेळा ऐकलं. लॅपटॉपवर आवाजाची ती हिरवी रेघ दिसते ना, त्यात हाकेचा मोठा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी तिचा शब्द, मुंगीएवढा. हेडफोन एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात. रायाप्पाला स्पष्ट "दिसतंय" ऐकू आलं. मला एकदा डि वाटलं, एकदा दि. आम्ही हेडफोनला कान लावून बसलेलो आणि ती समोर बसून आमची तोंडं बघत होती. जी मुलगी तुमच्यासमोर बसून सांगतेय की मी हे म्हणाले, तिचं न ऐकता तुम्ही यंत्राला विचारताय ती खरं बोलतेय का. मला हे तेव्हा सुचायला हवं होतं.

सातव्यांदा लावणार, तेवढ्यात ती म्हणाली, "राहू दे. मार मला."

मी फासा टाकला. 14, अधिक 6, म्हणजे 20. तिची एसी, म्हणजे वार लागायला गाठायचा आकडा, 18. दोन आठ-बाजूंच्या फाशांवर 11 आले, त्यात 4, एकूण 15. सगुणा खाली पडली. खाली पडलेला जगतो की मरतो हे ठरवणाऱ्या डेथ सेव्हचा पहिला फासा 7, म्हणजे एक अपयश. दुसरा 1, आणि 1 म्हणजे दोन अपयशं; तीन झाली की संपलं. दोन टर्नमध्ये सगुणा मेली. रायाप्पा तिच्यापासून एका उडीवर होता, मेडिसिनचा चेक, म्हणजे उपचाराचा फासा, करून तिला सावरता आलं असतं. तो ओगरवरच वार करत राहिला. तिनं कागद नीट चार घड्या करून पर्समध्ये ठेवला आणि साडेआठला घरी गेली.

इथवर चूक माझी. पुढची माझी नाही, आणि त्याबद्दल मी आजही भांडायला तयार आहे.

कासीमनं तो सगळा वाद भागात तसाच ठेवला. रेकॉर्डर मागे नेला तरी मोबाइलचा व्हिडिओ चालूच होता. अकरा मिनिटं. त्यात तिचा चेहरा सरळ दिसतो. त्यानं आम्हाला कुणालाच विचारलं नाही. खाली कमेंट आल्या. अर्ध्या लोकांनी रायाप्पाची बाजू घेतली, काहींनी लिहिलं की रडायचं असेल तर खेळू नये. ती रडली नव्हती. आमच्या बाकी कुठल्याही भागापेक्षा तो जास्त बघितला गेला आणि कासीमनं मला फोन करून तेच आधी सांगितलं. मी काढायला लावला, तर तीन आठवडे गेले. तोवर तिनं ग्रुप सोडला होता.

त्याचं म्हणणं असं: जे झालं तेच दाखवलं, काही जोडलं नाही, वाद हाही खेळाचाच भाग आहे, आणि पहिल्या दिवशी तिनं रेकॉर्डिंगला हो म्हटलं होतं. चौथा मुद्दा सोडून बाकी तिन्ही मला चुकीचे वाटतात, आणि चौथा अर्धवट. तिनं हो म्हटलं होतं ते सगुणाला. सगुणा ओगरला काय म्हणते, गावच्या पाटलाशी कसं बोलते, हे जगानं ऐकलं तर तिची हरकत नव्हती. वादात सगुणा नव्हतीच. तिथं ती स्वतः होती, आम्ही स्वतः होतो. फासा थांबला की कॅरेक्टर संपतं, आणि तिथून पुढचं कुणाच्या मालकीचं असेल तर बोलणाऱ्याच्या.

आणि "जे झालं तेच दाखवलं" हे तर अजिबात खरं नाही. एका माइकचं रेकॉर्डिंग म्हणजे माइकजवळ बसणाऱ्याचं रेकॉर्डिंग. रायाप्पाचा प्रत्येक शब्द खणखणीत, तिचे अर्धे शब्द मागाच्या आवाजात गेलेले. ऐकणाऱ्याला वाटणारच की एक जण मुद्देसूद बोलतोय आणि दुसरी पुटपुटतेय. शिवाय रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून रायाप्पाचं बोलणंच बदललं होतं. पूर्वी तो "अरे, हे असं नाही ना?" म्हणायचा. नंतर पुस्तकातलं पान सांगून बोलायला लागला, आमच्यासाठी नाही, ऐकणाऱ्यांसाठी. ऐकणारे असले की माणसाला माघार घेता येत नाही. म्हणून थांबवा म्हणतोय. रेकॉर्डिंगचा दिवा विझला की दोन मिनिटांत आवाज खाली येतात, मी तेव्हापासून पुष्कळदा पाहिलंय.

लोक म्हणतात, क्रिटिकल रोलवाले (डी अँड डी खेळून दाखवणारा प्रसिद्ध अमेरिकी शो) तर सगळं दाखवतात. ते 2015 पासून करतायत आणि सगळे धंद्यानं आवाजाचे कलाकार आहेत. कॅमेऱ्यासमोर कसं रागवायचं आणि कसं हसून सोडायचं हे त्यांचं रोजचं काम. तुमचे मित्र बँकेत, दुकानात, कॉलेजात असतील. त्यांच्याकडून ती अपेक्षा ठेवणं अन्याय आहे.

आता आमच्याकडे काय चालतं ते सांगतो. टेबलावर एक पत्ता (कार्ड) ठेवलेला असतो, त्यावर मोठी फुली. एक्स-कार्ड म्हणून जॉन स्टाव्हरोपुलोस यांनी काढलेली युक्ती आहे, खेळात नकोसा प्रसंग आला की पत्त्याला हात लावायचा, कारण सांगायचं नाही, प्रसंग बदलतो. आम्ही तेच माइकसाठीही वापरतो. कुणीही हात लावला की रेकॉर्डर आणि मोबाइल दोन्ही बंद. डीएमला विचारायचं नाही. पंखा चालू, खिडकी उघडी. हे पंख्याचं मी मनापासून सांगतोय, करून बघा.

मग मिटवायचं कुणी? डीएमनं, मिनिटाभरात. काय बोललं गेलं यावर वाद असेल तर बोलणाऱ्याला पुन्हा विचारायचं आणि ती म्हणेल ते धरायचं. नियमावर वाद असेल आणि पटकन सापडत नसेल तर खेळाडूच्या बाजूनं निकाल देऊन पुढे जायचं, पुस्तक सेशननंतर उघडायचं, आणि पुढच्या रविवारी सुरुवातीलाच सांगायचं की यापुढे हे असं. रेकॉर्डिंग मागे न्यायचं नाही. एकदा नेलं की पुढच्या प्रत्येक शब्दाला लोक पुरावा मागतात आणि जो हळू बोलतो तो बोलायचाच थांबतो.

शब्दांची गडबडही आम्ही संपवली. जानेवारी 2023 मध्ये डी अँड डीच्या नियमांचा मूळ भाग क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सगळ्यांना खुला झाला, श्रेय देऊन त्याचं भाषांतर करता येतं. आम्ही टर्नमध्ये करायच्या गोष्टींचा एक पानी मराठी तक्ता केला. डिसएंगेजला सुटका, डॉजला हुलकावणी, डॅशला धाव. "सुटका" कुणालाही "दिसतंय" ऐकू येत नाही. प्रत्येकाला वेगळा कॉलर माइक आणि वेगळा ट्रॅक घेतला. घरून ऑनलाइन खेळत असाल तर डिस्कॉर्ड या बोलायच्या ॲपवर क्रेग नावाचा बॉट (आपोआप चालणारा मदतनीस) प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा देतो. टेबलावर जाडजूड टॉवेल पसरतो म्हणजे फासे आपटत नाहीत, आणि भिंतींना दोन सोलापुरी चादरी टांगल्यात, आवाज घुमत नाही. आणि भाग टाकण्याआधी कापलेली फाइल सगळ्यांना जाते. एकानंही नको म्हटलं तर तेवढं निघतं. का नको, हे विचारायचं नाही.

रेकॉर्डिंग वाईट असं माझं म्हणणं नाही. कुठल्या गावात कुणाला काय वचन दिलं, पेटीत किती नाणी होती, हे शोधायला त्यासारखं दुसरं काही नाही, मीही सेशनच्या तयारीला तेच ऐकतो. तुमचे दोघं नियमांवरून नाही तर आपसातल्या जुन्या कशावरून भांडत असतील तर यातलं काहीच लागू पडणार नाही, त्यांच्याशी वेगवेगळं चहाला बसा. आणि सगळे पैसे घेऊन, ठरवून, प्रेक्षकांसाठी खेळत असतील तर तुमचे नियम वेगळे असतील, ते मला ठाऊक नाहीत.

ती परत आलीय. गेल्या पावसाळ्यापासून रविवारी येते, दाराजवळच बसते, नवीन कॅरेक्टर आहे. ती असते त्या दिवशी आम्ही रेकॉर्ड करत नाही. तिनं तशी अट घातली नव्हती, आम्हीच ठरवलं.

कासीम, तू इथली उत्तरं वाचतोस हे मला माहीत आहे. चॅनलवरून काढलास, पण ती अकरा मिनिटं तुझ्या हार्ड डिस्कवर अजून आहेत, दिवाळीत तूच बोलून गेलास. मला पाठवू नकोस, मला ऐकायची नाहीत. तिला फोन कर आणि विचार ठेवायची का.