पीयूसीनंतर (म्हणजे कर्नाटकातल्या बारावीनंतर) अमेरिकेला निघालेल्या खानापूरच्या मुलीला

अगं, विद्यापीठाचं नाव बघण्याआधी पहिल्या वर्षी शिकवणार कोण ते बघ. मी मोठ्या विद्यापीठात शिकले. रसायनशास्त्राच्या पहिल्या वर्गात ३०० च्या वर मुलं, प्राध्यापक पार लांब फळ्याजवळ, आणि शंका विचारायच्या त्या पीएचडी करणाऱ्या टीएला, म्हणजे प्राध्यापकांच्या मदतनीस विद्यार्थ्याला. मराठी शाळेतून आलेली मी, दोन महिने हात वर करायला धजले नाही. कुणाच्या ते लक्षातही आलं नाही.

विल्यम्ससारख्या लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे मुख्यतः पदवीपर्यंतच शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजात, सगळी मिळून साधारण २,००० मुलं. तिथल्या ट्युटोरियलमध्ये दोन विद्यार्थी आणि एक प्राध्यापक. एकानं निबंध लिहून आणायचा, दुसऱ्यानं तो तपासून प्रश्न विचारायचे. पुढच्या आठवड्यात उलट. तिथं गप्प बसायला जागाच नाही! तुझ्यासारख्या बुजऱ्या पण हुशार मुलीला हेच हवं, असं मला मनापासून वाटतं. ‘आर्ट्स’ ऐकून घरचे नाराज होतील, तर त्यांना सांग की तिथं गणित, भौतिकशास्त्रही शिकवतात.

इंजिनिअरिंगच करायचं असेल तर मात्र मोठं विद्यापीठ बघ. स्वार्थमोरसारखी थोडीच छोटी कॉलेजं ती पदवी देतात.

पैशाचं म्हणशील तर सरकारी विद्यापीठं परदेशी मुलांना सहसा फारशी मदत करत नाहीत. ॲमहर्स्ट हे लिबरल आर्ट्स कॉलेज मात्र ऐपत न बघता प्रवेश देतं आणि गरजेइतकी मदतही करतं. बाबांचा उत्पन्नाचा दाखला कन्नडमध्ये असेल, तर त्याचं इंग्रजी भाषांतर आत्ताच करून घे.