साटावर चालणारे विंडोज व्हर्टआयओवर का कोसळते?

प्रश्न : आमच्या कार्यालयातील जुना संगणक, त्यातील विंडोज १० आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरसह, केव्हीएमवर (लिनक्समधील, एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवण्याची सोय) व्हर्च्युअल मशीन करून घेतला आहे. डिस्क साटाला, म्हणजे डिस्क जोडण्याच्या नेहमीच्या प्रकाराला, जोडलेली असताना सारे सुरळीत होते. वेग वाढावा म्हणून मी ती व्हर्टआयओ ब्लॉकवर (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेल्या जोडणीवर) नेली, तेव्हापासून विंडोजचे चिन्ह दिसते, टिंबे क्षणभर फिरतात आणि ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. विंडोज नव्याने टाकावे लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. आपली माहिती जागेवरच आहे. विंडोजला तिथवर पोहोचता येत नाही, इतकेच. मशीन बंद करून डिस्क पुन्हा साटाला जोडावी, बूट क्रमात (मशीन कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे त्या यादीत) तिच्यावर खूण आहे ना ते पाहावे, म्हणजे विंडोज बहुधा पूर्वीसारखे उघडेल. पुढे काही करण्याआधी, मशीन बंद असताना, डिस्कच्या फाइलची एक प्रत काढून ठेवावी.

चिन्ह दिसते म्हणजे डिस्क वाचली जात आहे, मग ती मध्येच हरवते कशी, हा आपला गोंधळ स्वाभाविक आहे. सुरुवातीचे वाचन बूट लोडर (विंडोज सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम) फर्मवेअरच्या, म्हणजे मशीनमधील मूळ सॉफ्टवेअरच्या, मदतीने करतो. कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, ताबा घेतो तेव्हा मात्र त्याला स्वतःचा ड्रायव्हर (उपकरणाशी बोलणारा प्रोग्राम) लागतो, आणि व्हर्टआयओ ब्लॉकचा ‘व्हायोस्टोर’ हा ड्रायव्हर विंडोजसोबत येत नाही.

तो नुसता कॉपी करूनही भागत नाही, कारण बूट होतानाच चालू करायच्या ड्रायव्हरांत त्याची नोंद असावी लागते, आणि ती बिनचूक करून घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे विंडोजला तसे उपकरण प्रत्यक्ष दाखवणे. म्हणून मुख्य डिस्क साटावरच ठेवून १ जीबीची रिकामी डिस्क व्हर्टआयओ ब्लॉक म्हणून जोडावी आणि व्हर्टआयओ-विन ही, विंडोजसाठीचे व्हर्टआयओ ड्रायव्हर असलेली, आयएसओ फाइल (सीडीची प्रतिमा) सीडी म्हणून लावावी. विंडोज सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेचा अनोळखी स्टोरेज कंट्रोलर दिसेल. त्याला व्हायोस्टोर फोल्डरमधील ‘डब्ल्यू१०’चा ड्रायव्हर द्यावा. विंडोज ६४ बिटचे असल्यास आतील ‘एएमडी६४’ निवडावे. नावावर जाऊ नये, इंटेलच्या प्रोसेसरवरही तेच चालते. पुढे व्हर्टआयओ स्कझी हा जोडणीचा दुसरा प्रकार वापरायचे ठरल्यास ड्रायव्हर वेगळा, ‘व्हायोस्कझी’, आणि तात्पुरती डिस्कही त्याच प्रकारची हवी. या दोहोंची गल्लत झाली की तोच निळा पडदा पुन्हा भेटीला येतो.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती १ जीबीची डिस्क दिसू लागली की शिफ्ट दाबून धरून ‘शट डाउन’ करावे. फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू होण्याची सोय) चालू असल्यास साध्या शट डाउनमध्ये कर्नलची जुनी स्थिती साठवून ठेवली जाते, आणि आपल्याला तर ती नकोच आहे. त्यानंतर मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्यावी आणि बूट क्रम पुन्हा तपासावा, कारण जोडणी बदलताना तिच्यावरील खूण अनेकदा निघून जाते. विंडोज उघडल्यावर तात्पुरती डिस्क काढून टाकावी. मात्र ‘डिलीट’ दाबण्याआधी तिच्यापुढील आकडा १ जीबीच आहे ना, हे एकवार पाहावे.